हुंकार देणाऱ्या बाई

जिच्या कृपेवाचून ओठांवर अक्षर उमटत नाही, त्या वाग्देवतेला प्रथम वंदन. ज्या जगदंबेच्या सभामंडपात बसून मी इतकी वर्षे पोथी सांगितली, तिच्या चरणी मस्तक. आज नवरात्राची पहिली माळ. घट बसला, अखंड दीप लागला, आणि सायंकाळी मला पुन्हा आसनावर बसायचे आहे. बसण्यापूर्वी एका बाईंविषयी चार शब्द लिहावेत, असे गेले कित्येक दिवस मनात होते. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. नाव छापून आलेले त्यांना आवडले नसते, आणि त्यांना जे आवडत नसे ते त्या तोंडावर सांगत.

डावा तळवा उजव्या कोपराखाली, उजवी मूठ हनुवटीला टेकलेली, डोळे मिटलेले, आणि माझे प्रत्येक वाक्य संपले की मान किंचित खाली करून होकाराचा एकच शब्द: “हाव.”

वाचकहो, कहाणी सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारे कोणीतरी हवे, ही आपल्याकडची जुनी रीत तुम्हांला ठाऊक असेल. सांगणारा वाक्य बोलतो आणि ऐकणारा ‘हूं’ म्हणून ते स्वीकारतो. स्वीकारल्याशिवाय पुढचे वाक्य उच्चारायचे नाही. शहरांत ही रीत आता बहुतेक लोपली आहे. मनीषनगरातील आमच्या देवीच्या देवळात ती टिकली ती या बाईंमुळे. मी शाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त होऊन महाल भागातले जुने घर सोडून मुलाकडे इकडे राहावयास आलो आणि देवळात पोथी सांगू लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्या समोर येऊन बसल्या. कोणी बोलावले नव्हते, कोणी ओळख करून दिली नव्हती.

मी बोलत गेलो, त्या ‘हाव’ म्हणत गेल्या. मध्येच बाहेरून भंगारवाल्याची गाडी आली. तिच्यावर ध्वनिमुद्रित आरोळी चाललेली: जुने कूलर, जुने पंखे, जुने फ्रिज. मी आवाज चढवून वाक्य पुरे केले आणि थांबलो. हुंकार आला नाही. पुन्हा थांबलो. त्यांनी डोळे उघडले.

“ऐकूच नाही आलं, गुरुजी. हाव कशी म्हणू?”

“अहो, एवढे एक वाक्य राहिले तर...”

“देवीले ऐकू आलं असन. मले नाही आलं. मोठ्यानं बोला.”

मंडपातल्या बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. मी वाक्य पुन्हा सांगितले. पुढे पुढे आमचा संकेतच ठरला. भंगारवाला आला की त्या हात वर करीत, मी थांबे, देवीही बहुधा थांबत असावी, आणि गाडी वळणावरून गेली की त्या हात खाली घेत.

कॉलनीतल्या बायका त्यांना काकू म्हणत आणि मनातून त्यांना थोड्या भीतही असत. विशेषतः नवस बोलताना. एकदा एक तरुण सून गाभाऱ्यासमोर हात जोडून पुटपुटत होती, की मुलाला चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला तर देवीला साडी नेसवीन. शेजारून प्रश्न आला.

“कोणती साडी वं?”

ती बिचारी दचकली. “आँ? म्हणजे... चांगली, काकू.”

“चांगली म्हणजे? सुती, का रेशमी? आणि केव्हा नेसवशील? या नवरात्रात, का पुढच्या?”

“आता ते कसं सांगू, काकू?”

“मंग देवीनं कसं समजावं? मोघम बोलू नको वं पोरी. माणसाले मोघम बोललेलं चालते, ते विसरून जाते. ही विसरत नाही.”

त्या सुनेने पुढच्या वेळी नवस घरीच बोलला, असे ऐकतो. तिच्या सासूने मला हसत हसत विचारले, “गुरुजी, ह्या काकू देवळाबाहेर जातील तो मुहूर्त पंचांगात सापडेल का हो?”

हसण्यासारखे एवढेच. पुढे जे लिहायचे आहे त्यात हसण्यासारखे थोडे आहे.

दर नवरात्रात नवमीच्या दुपारी देवीची स्थानकथा सांगितली जाई. माळरानावर देवी कशी प्रकट झाली, देऊळ कसे उभे राहिले, इत्यादी. ती मी सांगत नसे. तो मान देवस्थान समितीच्या अध्यक्षांचा. उंच, गौर, भरघोस आवाजाचे गृहस्थ. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पहिल्या वर्षी मी श्रोत्यांत बसलो होतो. अध्यक्षांनी सुरुवात केली. बाई आपल्या जागी समोर बसल्या होत्या. डावा तळवा कोपराखाली, मूठ हनुवटीला. मात्र डोळे सताड उघडे, अध्यक्षांच्या चेहऱ्यावर खिळलेले. वाक्य संपले. त्यांच्या तोंडातून शब्द आला नाही. हुंकार मागून आला, अध्यक्षांच्या पत्नीचा, घाईघाईने दिलेला. कथा अशीच शेवटापर्यंत गेली. बाई हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत, उठून गेल्या नाहीत.

मी शेजारच्या वृद्ध गृहस्थांना विचारले. त्यांनी कुजबुजत सांगितले, आणि पुढे बाईंनी स्वतः मला सांगितले. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की गृहस्थ म्हणाले ‘असे झाले म्हणतात’, आणि बाई म्हणाल्या, “मी तिथं नव्हती. मले ह्यायनं सांगतलं, आणि हे खोटं बोलत नव्हते.”

बाईंचे यजमान या देवीचे पुजारी होते. मूळचे उमरेडचे, गुरवांच्या घराण्यातले, मितभाषी. एका नवरात्रात देवीला नवा मुकुट आला. तो छायाचित्रासाठी आपल्या हाताने बसवण्याचा अध्यक्षांनी हट्ट धरला. पुजारी म्हणाले, साहेब, खाली उतरा, मी बसवतो. साहेब स्टुलावर चढलेच. मुकुट जड होता. कोपर लागले, आणि संगमरवरी मूर्तीचा अभय देणारा उजवा हात मनगटापासून तुटून खाली पडला. गाभाऱ्यात त्या वेळी दोघेच होते.

मूर्ती खंडित होणे म्हणजे काय, हे श्रद्धावंत घरांना सांगावे लागत नाही. सभा भरली. अध्यक्षांनी सर्वांसमोर हाती बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा घेतला, देवीकडे तोंड केले आणि शपथेवर सांगितले की हात पुजाऱ्याकडून तुटला. मग लोकांनी तोच बेल-भंडार पुजाऱ्यापुढे धरला.

पुजाऱ्याने तो उचलला नाही.

तो म्हणाला, “जिले रोज आंघोळ घालतो, जेवू घालतो, निजवतो, तिले माह्यासाठी साक्षीले उभी करू? जे झालं ते मी सांगतलं. पटलं तर घ्या.”

यापुढे एक शब्द तो बोलला नाही. कॉलनीने काय समजायचे ते समजून घेतले. ज्याने बेल-भंडार उचलला तो खरा. ज्याने नाही उचलला तो भ्याला. देवीची मर्यादा राखणारा मनुष्य देवीचा अपराधी ठरला. पूजा काढून घेतली गेली, नवी मूर्ती आली, नवा पुजारी आला. हा मनुष्य घरात खिडकीपाशी बसू लागला आणि आरतीची घंटा ऐकली की उठून उभा राहू लागला. पुढच्या नवरात्राच्या आधीच तो गेला.

“मले सूड पाहिजे, गुरुजी,” बाई मला म्हणाल्या. पोथीनंतरचा प्रसाद त्या बायकांना वाटत होत्या, आणि वाटता वाटता, प्रसादाचा द्रोण पुढे करावा तितक्या सहजपणे हे वाक्य त्यांनी माझ्यापुढे केले.

सूड हा शब्द मी समजून उमजून लिहितो आहे. क्षमेवर मी आयुष्यभर प्रवचने दिली आहेत आणि पुढेही देईन. परंतु ही कथा क्षमेची नाही. क्षमेची केली तर मी खोटे बोललो असे होईल, आणि या बाईंविषयी लिहिताना तरी ते नको.

एका शेजारणीने त्यांना सुचवले होते, की अमुक गावी एक मांत्रिक आहे, नाव आणि केस दिले की माणूस अंथरुणाला खिळतो. बाईंनी तिला दारातूनच परत पाठवली.

“तो मेला तर खोटं तसंच जित्तं राहीन,” त्या मला म्हणाल्या. “मेलेला माणूस काय बोलते, गुरुजी? मले तो जित्ता पाहिजे. धडधाकट पाहिजे. ज्या तोंडानं बोलला त्याच तोंडानं, त्याच जागेवर त्यानं बोलावं.”

आणि म्हणून ही बाई रोज त्या मनुष्याच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीत असे! हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. त्या गाभाऱ्यासमोर उभ्या राहत आणि मला ऐकू येईल इतक्या स्पष्टपणे म्हणत, “माय, त्याले ठेव. त्याचा आवाज ठेव. त्याले सारं आठवू दे.” एका हिवाळ्यात अध्यक्षांना घशाचा मोठा आजार झाला. शस्त्रक्रिया ठरली, आवाज राहील की जाईल, सांगता येत नव्हते. बाई बसने कोराडीला गेल्या, तिथल्या देवीची ओटी भरली आणि नवस बोलून आल्या. मोघम नव्हे, कोणत्या रंगाचे पातळ, कोणत्या दिवशी, सर्व काही. आवाज राहिला. त्यांनी नवस फेडला.

कॉलनीत सर्वांना गहिवरून आले. पाहा, काय ही क्षमा! अध्यक्षांच्या पत्नी तर रडल्या. मीही क्षणभर तसेच समजलो आणि म्हणालो, “बाई, तुम्ही त्यांना माफ केलेत, फार मोठे मन तुमचे.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी वेड्यासारखे काही बोललो आहे.

“माफ? वाचा गेली असती तर बोललं कोण असतं?”

अशी वर्षे गेली. मी पोथी सांगे, त्या ‘हाव’ म्हणत. नवमी आली की अध्यक्ष सांगत आणि त्या गप्प बसत. त्यांच्या त्या गप्प बसण्याची अध्यक्षांना सवय झाली असावी, असे मला वाटे. नव्हती झाली. त्यांच्या कपाळावरचा घाम मी दर नवमीला पाहत होतो. आणि, देवी मला समजून घेवो, तो पाहून मला बरे वाटे.

मग ती संधी आली. म्हणजे इतरांनी तिला संधी म्हटले.

समितीत अध्यक्षांच्या विरोधात एक गट उभा राहिला होता. उपाध्यक्ष हा त्याचा पुढारी. तरुण, गोड बोलणारा, घाईत असणारा. एका अष्टमीनंतर त्याने आवई उठवली की अध्यक्ष मद्य घेऊन गाभाऱ्यात शिरले होते. सभा बोलावली गेली. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो बाईंच्या घरी आला. मी तेथे त्यांच्यासाठी पंचांग पाहावयास गेलो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकले.

“काकू, तुम्ही तर देवळातच बसून राहता. तुम्हाले काहीच बोलायचं नाही. मी बोलतो, मी विचारतो, तुम्ही फक्त हाव म्हणा.”

“काय हाव म्हणू?”

“का तुम्ही त्यायले पेलेले पाह्यलं म्हणून.”

“मी कुठं पाह्यलं?”

तो जवळ सरकला. “काकू, तुमच्या माणसाचं काय केलं यानं, आठवा जरा. एक हाव, अन् हा माणूस पुन्हा देवळाची पायरी चढणार नाही. साऱ्या कॉलनीत तुमच्या शब्दाले जे वजन आहे ना, ते कोणाच्याच नाही. काहून वाया घालवून राहिले?”

बाई काही बोलल्या नाहीत. त्याने ते मौन होकार समजून नमस्कार केला आणि निघून गेला. या कॉलनीला मौनाचा अर्थ कधी कळलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मंडप भरलेला होता. अध्यक्ष एका खांबापाशी उभे होते आणि त्यांचा रंग उडालेला होता, कारण समोर कोण बसले आहे ते त्यांना दिसत होते. ज्या बाईचा नवरा त्यांनी खोट्या शपथेने बुडवला, तिच्या एका शब्दावर आज ते स्वतः बुडणार होते. उपाध्यक्षाने आरोप सांगितला, दोन्ही हात पसरून बाईंकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, “काकू, तुम्ही डोळ्यानं पाह्यलं ना?”

बाईंनी हनुवटीखालची मूठ काढली.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“काकू...”

“मी नाही पाह्यलं. अष्टमीले हे साहेब माह्यासमोरून गाभाऱ्यात गेले. तोंडाले वास नव्हता, पाय सरळ होता. पेले नव्हते. देवीसमोर सांगून राहिली, लिहून घ्या.”

उपाध्यक्षाच्या तोंडचे पाणी पळाले. अध्यक्षांनी खांब धरला. आणि मागच्या बाजूने एका म्हाताऱ्या आजीचा, स्वतःशीच बोलावा तसा, पण सर्वांना ऐकू गेलेला आवाज आला:

“हे बाई वैऱ्याच्या विरुद्धही खोटं बोलत नाही. मंग आपल्या माणसाचं जे सांगत होती, ते?”

 त्या आजी काही वाद घालत नव्हत्या; पण त्यांनी विचारलेला प्रश्न मंडपातल्या प्रत्येकाबरोबर त्याच्या घरी गेला.

संध्याकाळी अध्यक्ष बाईंच्या दारी आले. हाती पेढ्यांचा पुडा आणि नारळ. मी त्यांच्या मागोमागच पोचलो होतो. बाई उंबरठ्यात उभ्या राहिल्या. बाजूला झाल्या नाहीत.

“आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. “आपण मला वाचवलेत.”

“मी तुम्हाले नाही वाचवलं, साहेब. जे पाह्यलं नाही ते बोलली नाही, एवढंच.” त्यांनी पुड्याकडे पाहिलेही नाही. “मी माहं बोलली. आता तुम्ही तुमचं बोला.”

“काय... काय बोलू?”

“तुम्हाले माहीत आहे. नवमीले. त्याच जाग्यावर.”

आणि त्यांनी दार लावले. आपटून नव्हे. रोज सायंकाळी लावतात तसे, कडी घालून.

पुढचे नवरात्र आले. मला वाटले होते की अध्यक्ष नवमीला आजारी पडतील, परगावी जातील, काहीतरी निमित्त निघेल. परंतु मानाची सवय भीतीपेक्षाही चिवट असते. ते आले. जरीकाठी उपरणे, कपाळी मळवट. आसनावर बसले. मंडप कधी नव्हे इतका भरला होता. बाई आपल्या जागी होत्या.

“ऐका सज्जनहो, या आदिमायेची कथा,” त्यांनी सुरुवात केली. “पूर्वी या ठिकाणी उजाड माळरान होते.”

बाई गप्प. हे नेहमीचेच. अध्यक्षांनी सवयीने मागे, आपल्या पत्नीकडे पाहिले.

पत्नी मान खाली घालून बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. हुंकार आला नाही.

“उजाड माळरान होते,” अध्यक्ष पुन्हा म्हणाले.

काही नाही. एखादी दुसरी स्त्री ‘हूं’ म्हणू शकली असती. मी म्हणू शकलो असतो. कोणी ठरवले नव्हते, कोणी कोणाला खूण केली नव्हती, परंतु त्या भरलेल्या मंडपात एकही ओठ हलला नाही. अध्यक्ष पत्नीकडे पाहत राहिले. तिने मान वर केली आणि हळूच एवढेच म्हटले, “मी घरी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही उठून गेलात.”

 देवीसमोरच्या समईची वात कोणीतरी सारली. अध्यक्षांनी उपरण्याने तोंड पुसले. मग ते बोलले. आणि तो आमच्या ओळखीचा भरघोस आवाज नव्हता.

“मुकुट... मी बसवायला गेलो होतो.”

“मोठ्यानं,” बाई म्हणाल्या. “मागच्या बायायले ऐकू नाही आलं.”

“मुकुट मी बसवायला गेलो होतो!”

“हाव.”

इतक्या वर्षांत त्यांनी त्या मनुष्याला दिलेला हा पहिला हुंकार. मंडपातून एक लाट सरकल्यासारखे झाले. अध्यक्ष थांबले. बाईही थांबल्या. त्यांना घाई नव्हती.

“पुजारी म्हणाला होता, खाली उतरा.”

“हाव.”

“मी ऐकलं नाही.”

“हाव.”

“मग तिथे एक... अपघात झाला.”

मौन. बाईंचे डोळे अध्यक्षांच्या तोंडावरून हलले नाहीत. मी त्या वेळी त्यांच्याकडे पाहिले, आणि सांगतो, तो चेहरा मला कुठल्याही मूर्तीपेक्षा भयंकर वाटला. त्यात राग नव्हता. एखादी गृहिणी तांदळातला खडा काढताना जशी एकाग्र असते, तशी ती एकाग्रता होती.

“माझं कोपर लागलं,” अध्यक्ष म्हणाले. “देवीचा हात माझ्याकडून तुटला.”

“हाव.”

“मी घाबरलो. लोक काय म्हणतील...”

मौन.

“मी बेल-भंडार हाती घेतला.”

“हाव.”

“आणि...”  त्यांच्या हातांची बोटे हवेत, जणू ते पान अजून त्यांत आहे अशी, मिटली. “आणि खोटं बोललो. देवीच्या तोंडावर खोटं बोललो. तो निर्दोष होता.”

“हाव,” बाई म्हणाल्या.

दुष्टाचे निर्दालन झाल्याच्या कथा मी असंख्य वेळा सांगितल्या आहेत. मस्तके उडतात, पुष्पवृष्टी होते. त्या दिवशी कोणाचेही मस्तक उडाले नाही. एक वृद्ध मनुष्य सर्वांसमोर, आपल्याच तोंडाने, आपल्याच शब्दांनी वाक्यावाक्याने सोलून निघाला, आणि एक वृद्ध स्त्री त्याच्या प्रत्येक वाक्यावर मान हलवीत गेली. माझ्या मनात त्या क्षणी शांती नव्हती. तृप्ती होती. त्यासाठी मी कोणतेही प्रायश्चित्त घेतलेले नाही.

अध्यक्ष आसनावरून उठले, खाली आले आणि बाईंच्या पायांवर वाकू लागले. बाईंनी पाय आत ओढून घेतले.

“मला माफ करा.”

“माफी माह्यापाशी नाही, साहेब. ज्याच्यापाशी होती तो तुम्हीच घालवला.”

त्या उठल्या, गाभाऱ्यासमोर गेल्या, हात जोडले. काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही. त्यांचे देवीशी बोलणे मला ऐकू आले नाही अशी ती एकच वेळ.

पुढे समितीने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचे ठरवले. उपाध्यक्ष, जो आता अध्यक्ष झाला होता, निमंत्रण घेऊन गेला. बाईंनी विचारले, “खरं निघालं याचा सत्कार कायचा करून राहिले गा? तेव्हा जे गप्प बसले, तेच टाळ्या वाजवतीन ना?” तो परत आला. सत्कार झाला नाही. मात्र गाभाऱ्याच्या बाहेर, जुन्या पुजाऱ्यांच्या नावांची जी पाटी आहे, तिच्यावर खोडलेले एक नाव पुन्हा रंगवले गेले. रंगवताना पेंटरच्या मागे त्या उभ्या होत्या, आणि अक्षर फिकट आले म्हणून त्यांनी त्याच्याकडून ते दुसऱ्यांदा काढून घेतले.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी घर आवरले. उमरेडला यजमानांच्या भाचीकडे राहावयास जायचे ठरवले होते. त्यांना सोडावयास मी बसस्थानकावर गेलो. एक ट्रंक, एक पिशवी, आणि फडक्यात बांधलेला यजमानांचा पूजेचा तांब्या. मी उगाच काही बोलत राहिलो. समाधान वाटत असेल, देवीने न्याय केला, असे काहीबाही. त्यांनी हुंकार दिला नाही, आणि मी बोलणे थांबवले.

एसटी लागली. खिडकीपाशी जागा मिळाली. कंडक्टरने दोरी ओढली तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “जाते, गुरुजी.”

मी न राहवून म्हणालो, “बाई, निघताना जाते म्हणू नये. येते म्हणावे.”

“येणार नाही ना,” त्या म्हणाल्या.

गाडी हलली. त्यांनी तांब्या मांडीवर नीट धरला आणि समोर पाहिले. उन्हाने भरलेल्या त्या काचेत नंतर मला काहीच दिसेना.

जगदंबा तुम्हां वाचकांचे आणि तुमच्या घरादाराचे कल्याण करो. तुमच्या देवघरात उच्चारलेला शब्द रस्त्यावर बदलावा न लागो. तुमच्या मुलाबाळांच्या जिभेला सत्याची चव लागो, आणि तुमच्या घरातले कोणीही दुसऱ्याच्या खोट्याचे ओझे उरावर घेऊन मुकाट्याने न मरो. शुभं भवतु.